खिडकीजवळचं टेबल

फुफ्फुसाच्या दुखण्यातून उठलेल्या रादिसावला चार दोस्तांनी बेलग्रेडच्या त्यांच्या नेहमीच्या खानावळीत नेलं. कायद्यापुरतं ठेवलेलं धूम्रपानबंदीचं एकुलतं एक टेबल खास त्याच्यासाठी धरलं होतं. तरी बसल्याबसल्या चौघांनी सिगारेटी पेटवल्या.

रादिसावने टेबलावरच्या बंदीच्या पाटीकडे बोट दाखवलं, तर त्यांच्यातला मिलोराद म्हणाला, "मत घेऊ. बंदी कोणाला हवीय, हात वर करा."

एकच हात वर झाला.

"झालं तर मग. लोकशाहीपुढे कोणाचं काय चालतं, राजा?"

खोकून खोकून जीव घाबरा झाला, तेव्हा रादिसावने उठून शेजारची खिडकी उघडली. चौघेही ताडकन उठले.



"अरे, वाऱ्याच्या झोतात बसून मरायचंय का? आत्ताच छातीचं दुखणं काढलंस ना," म्हणत मिलोरादने तोंडातली सिगारेट न काढता खिडकीला कडी घातली.