कपाटातला कोरा व्हॉल्व्ह

सकाळचं प्रसारण संपताच रेडिओ केंद्राचे तंत्रज्ञ वसेकरांनी ट्रान्समीटरचं दार उघडलं आणि अकरा वर्षं बिनतक्रार चाललेला, आवाजाच्या लहरींना ताकद देणारा, दुधी भोपळ्याएवढा काचेचा व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवला. छे, आज धोका नकोच! केंद्राच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात सव्वाअकराला निवेदिकाबाई चक्क त्यांचं नाव घेणार होत्या. तीस वर्षं त्यांनी दुनियेचे आवाज घरोघरी पोचवले, पण त्यांचं स्वतःचं नाव कधी हवेत गेलं नव्हतं. म्हणून कपाटात वर्षानुवर्षं जपलेला कोरा करकरीत व्हॉल्व्ह त्यांनी बसवला. घरी लेकीनं तर रेडिओ खिडकीत ठेवून अख्खी आळी गोळा केली होती.

बरोबर सव्वाअकराला बाईंचा आवाज उत्साहानं चढला, "आणि आपला आवाज ज्यांच्यामुळे घराघरांत पोचतो, ते आपले लाडके..."

मीटरचा काटा उडाला, आत फट् झालं आणि सगळं चिडीचूप. नव्या व्हॉल्व्हनं मान टाकली होती!

घामाघूम वसेकरांनी जुना व्हॉल्व्ह परत बसवला. सहा मिनिटांनी तो पठ्ठ्या असा सुरू झाला, जणू काही घडलंच नव्हतं. पाठोपाठ बाईही आल्या, अगदी खणखणीत. "तांत्रिक बिघाडामुळे प्रक्षेपणात व्यत्यय आला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, ऐकलं हं आम्ही!" लेक खिदळत होती. "नाव नाही आलं, पण शेवटी तुमच्याबद्दलच बोलल्या ना त्या? आळीनं टाळ्या वाजवल्या!"