जोडलेले हात

गुरुशांतचा घास तोंडापर्यंत पोचला आणि पुढच्याच क्षणी तो दारात उभा होता. पायात चपला, दोन्ही हात छातीपाशी जोडलेले. मधलं काही घडलंच नाही. तो उठला नाही, त्यानं ताट उचललं नाही, चूळ भरली नाही. तरी त्याचं ताट मोरीत होतं, गॅस बंद होता आणि सिद्धेश्वरीच्या पुढ्यातली आमटी गार झाली होती.

"असं काय करताय हो?" ती ओरडली.

त्यानं झटकन हात खाली घेतले. "कुटं काय? दुकानाला निघालो की," असं म्हणून तो हसला. ते हसू तिच्या नवऱ्याचं नव्हतं.

दिवाळीनंतर हे सुरू झालं होतं. खुर्चीत पेपर वाचणारा नवरा डोळ्यांदेखत खिडकीपाशी उगवायचा. दर वेळी हात जोडलेले, मान खाली, ओठ पुटपुटत असलेले. देवळात गेला तरी आधी चपलांवर लक्ष ठेवणारा हा माणूस! आणि नमस्कार तो करायचा तिच्या दिशेनं. आपल्यामागं कोण उभं आहे, म्हणून सिद्धेश्वरीनं एकदा वळून पाहिलं. मागं नुसती भिंत होती. त्या रात्री तिनं दिवा मालवला नाही.

शिवाय हल्ली तो तिच्या शब्दाबाहेर नव्हता. चिडचिड नाही, वाद नाही. शेंगाचटणीत मीठ जास्त झालं तरी मुकाट्यानं खायचा. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, "नशीब काढलंस की गं!" सिद्धेश्वरीच्या अंगावर काटा आला. गुरुशांतचे थोरले भाऊ बसवराज असेच एकाएकी गरीब गाय झाले होते. मग त्यांच्या डोक्यात गाठ निघाली आणि वर्षाच्या आत ते गेले. तिला तिचा भांडखोर नवरा परत हवा होता. जिवंत हवा होता.

ती त्याला घेऊन दवाखाने फिरली. त्याच्या मेंदूचे फोटो निघाले, डोक्याला तारा चिकटवून झाल्या. सगळं नॉर्मल. एकानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. सुई बघितली की घाम फुटणारा गुरुशांत सगळीकडं निमूट गेला, हेही तिला लक्षणच वाटलं. शेवटी कुणीतरी डॉक्टर अनिसा शेख यांचं नाव सांगितलं. मेंदूच्या डॉक्टर, बाई फार बोलत नाहीत पण ऐकून घेतात म्हणे.

"डॉक्टर, ह्यांना मधेच काहीतरी होतंय बघा," सिद्धेश्वरीनं सुरुवात केली. "माणूस हितं असतोय आणि एकदम तितं दिसतोय. मधलं काय…"

टेबलामागची खुर्ची रिकामी झाली. डॉक्टर तिच्या अगदी जवळ उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत होता. गुरुशांत भिंतीला लागून, हात जोडून. म्हणजे हे एकाचं दुसऱ्याला लागत होतं. आता डॉक्टरांनाही झालं!

"ताई, मी तुम्हाला किती हाका मारल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला? एकपण न्हाय."

डॉक्टर गुरुशांतकडं वळल्या. "असं घरी होतं?"

"होतंय की," तो पूजेत बोलावं तसा हळू बोलला. "ध्यान लागतंय तिचं. तिच्या आईचंबी लागायचं म्हणतात. बसल्या जागी डावा तळहात वर येतोय, नजर ठरतीय. आमच्या लिंगायतांत कुणी लिंगपूजेत असलं की हाक मारत न्हाईत, त्याच्या हातात डोकावत न्हाईत. पूजा मोडती. म्हणून मी गप उठतो, गॅस बंद करतो, नमस्कार करतो आणि जातो. बोलून दाखवलं तर ध्यान तुटंल, म्हणून तिलाबी कधी सांगितलं न्हाय."

सिद्धेश्वरीनं खाली पाहिलं. तिचा डावा हात छातीसमोर वर आलेला होता, तळहात आभाळाकडं, बोटं किंचित वळलेली. तो तिनं उचलला नव्हता. खाली घ्यायला गेली तर दुसऱ्याचा हात असल्यासारखा सावकाश आला.

"मी बाळीवेशीत, लिंगायतांच्या शेजारात वाढले," डॉक्टर म्हणाल्या. "पूजा करताना गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर असतं की. आत्ता ते कुठं होतं?"

गुरुशांतनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर करून बायकोच्या हातात पाहिलं. तळहात रिकामा होता. लिंगाची चांदीची डबी तिच्या गळ्यातच होती, झाकण घट्ट बंद.

"ताई, तुमच्या यजमानांना काही झालेलं नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "ते उठून जातात, तेव्हा तुम्ही इथं नसता. ही फिट असावी, तपासायचंय ते तुम्हाला."

गुरुशांतचे जोडलेले हात सुटले आणि तसेच लोंबत राहिले. सिद्धेश्वरीला एकाच वेळी रडू येत होतं आणि सुटल्यासारखं वाटत होतं. तो बसवराजांसारखा जाणार नव्हता. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"अहो, एक हाक तर मारायची होती की मला," ती म्हणाली. "एक तरी…"

पुढच्याच क्षणी ती दवाखान्याच्या खाटेवर होती. गुरुशांत तिच्या तोंडावर वाकलेला होता आणि हाका मारून मारून त्याचा घसा बसला होता.