पहिली पायरी

"पहिलीच पायरी चुकीची आहे, सर." खडू हातात धरून मी फळ्यासमोर उभी होते.

चार पुरुष किंवा आठ स्त्रिया एका दिवसात खड्डा खणतात. तर दोन पुरुष आणि दोन स्त्रियांना किती दिवस लागतील?

"एक पुरुष बरोबर दोन स्त्रिया. लिही!" भोईटे सर ओरडले.

काल शाळेमागे झाडं लावायला खणताना तळहाताला आलेले फोड मी त्यांना दाखवले. "माझ्या जोडीला संकेत होता. निम्मा खड्डा मी खणला. विचारा त्याला."

मागच्या बाकावर संकेतनं मान डोलावली.

"मार्क कापीन!"

"कापा."

मी लिहिलं, एक पुरुष बरोबर एक स्त्री. उत्तर, एक दिवस.

चाचणीत तेच गणित आलं. वर्गातल्या सगळ्या मुलींनी 'एक दिवस' लिहून मार्क घालवले. संकेतनंही.