पतंगांना गुलाल

“चातुर्मासात आपल्या हातनं जीव जाऊ द्यायचा नाय गो, चंद्रे. मुंगीसुद्धा नाय. आन् गेलाच, तर तुळशीला सांगून टाकायचं. नवऱ्याला नाय.”

सासूबाई हौसा देवाघरी गेल्या, पण हे बोलणं मागे ठेवून गेल्या. म्हणून चंद्रावती रोज पूजा आटोपली की भाताच्या बांधावर यायची. शेतात काठीला कृषी विद्यापीठाचा सापळा टांगलेला. आत मादीच्या वासाची गोळी. त्या वासाला भुलून खोडकिड्याचे नर पतंग आत शिरायचे आणि खालच्या पिशवीत अडकायचे. चंद्रावती पिशवीची गाठ सोडायची, “चुकलं आमचं, जा बाबांनो,” म्हणायची आणि त्यांच्यावर चिमूटभर गुलाल टाकायची. फसवून आणलेल्या पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं? हळदीकुंकू दिलं असतं, पण मॅडम म्हणाल्या होत्या, सगळे नर आहेत.

मॅडम म्हणजे सुरभी. विद्यापीठाची संशोधक, कामापुरती रोह्याला खोली घेऊन राहिलेली. सापळ्याच्या तोंडाशी तिने काड्यापेटीएवढा सेन्सर बसवला होता. त्याच्यावर डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांचा लेप. पतंग आत गेला की त्या लेपाला कळायचं आणि तिकडे चंद्रावतीच्या यजमानांच्या, हैबतरावांच्या, मोबाइलवर टिंग वाजायचं. हैबतराव त्या टिंगवर बेहद्द खूश होते. कासूच्या स्टेशनात अनोळखी माणसालासुद्धा थांबवून सांगायचे, “आमचं शेत आम्हाला फोन करतं!”

भाद्रपद लागला आणि शेताचे फोन थांबेनात. मोबाइलवरचा पतंगांचा आकडा चढत चढत धोक्याचा लाल झाला. देवळात सभा बसली. शेजारच्या शेताचा जनू म्हणाला, “कीड आज हैबतरावांकडं हाय, उद्या आमच्याकडं येणार. सगळ्या शिवारावर एकदमच औषध मारा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पंप आले, औषध आलं, दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरली.

त्या रात्री चंद्रावती ताटावरून तशीच उठली. फवारलं की पतंग तर जाणारच, वर बेडूक जाणार, खेकडे जाणार, चतुर जाणार. आणि हा आकडा कुणामुळे फुगलाय, याचा तिला मनातून वहीम होता. सोडलेले पतंग पुन्हा त्या वासाकडेच वळताना तिने पाहिले होते. बोलावं, तर सापळ्याला कुलूप लागेल आणि रोज आपल्याच शेतात जीव मरतील. न बोलावं, तर शिवार मरेल. व्रत दोन्हीकडून बुडणार.

सकाळी ती बांधावर पोचली, तर सुरभी तिच्या आधीच हजर. पिशवी उजेडाकडे धरलेली. बाजूला हैबतराव, आणि पाठीला पंप लावून जनू.

“काका, हे बघा!” सुरभीने पिशवी हैबतरावांच्या नाकापुढे नेली. “गुलाबी पंखांचा खोडकिडा! ही जात कुठेच नोंदलेली नाही. सरांना फोटो पाठवते आधी.”

हैबतरावांची छाती फुगली. “आमच्या शेतात निघाली म्हणजे नाव आमचंच लागंल ना?”

“नावाचं बारशाला बघू,” जनू म्हणाला. “आधी मारू द्या.”

चंद्रावतीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“नको गो बाय, फोटो नको पाठवू,” ती हळूच म्हणाली. “तो गुलाल हाय.”

मग खाली बघत तिने सगळं सांगितलं. सासूबाईंचं बोलणं, गाठ, गुलाल, सगळं. हैबतरावांचा चेहरा पिशवीतल्या पतंगांपेक्षा गुलाबी झाला. “म्हंजे मी गावभर मिरवत फिरतोय, आन् इथं तू पाव्हण्यांची बोळवण करतेस?”

सुरभीने पिशवीत पुन्हा डोकावून पाहिलं. एकेक पतंग नीट पाहिला. मग ती चिखलाचा विचार न करता बांधावर मटकन बसली. तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून चंद्रावती पुढे झाली, तर पोरगी हसत होती.

“काकू, जवळजवळ सगळेच गुलाबी आहेत हो! नवीन फारसं कुणी आलेलंच नाही. तेच मूठभर पतंग सुटतात, तेच परत येतात, आणि सेन्सर बिचारा दरवेळी नवा म्हणून मोजतो. कीड वाढलेलीच नाही.” तिने डोळे पुसले. “किडे किती आहेत ते काढायला आम्हीसुद्धा रंग लावून सोडतो आणि पुन्हा धरतो. रंगीतच परत आले, की समजायचं, मुळात थोडेच आहेत. फवारणी नको.”

जनूने पंप खाली उतरवला. “हैबतराव, तेच तेच पाव्हणे रोज येतात म्हणजे पाहुणचार झकास असणार तुमचा.”

“कापणीपर्यंत असंच सोडत राहाल का, काकू?” सुरभीने विचारलं. “गुलालासकट? मला हा हिशोब मिळेल, आणि तुमच्या हातून जीवही जाणार नाही.”

चंद्रावतीला वाटलं, सासूबाईच पावल्या. तरी तिने लगेच हो म्हटलं नाही.

“सोडीन. पन एकादशीला तेवढी ती गोळी काढून ठेवशील? त्या एका दिवशी तरी कुणाला फसवायला नको.”

सुरभीने तिच्याकडे पाहिलं. “मी स्वतः येऊन काढीन.”

“ती कशाला येतेय!” घरी गेल्यावर हैबतराव म्हणाले. “त्यात रविवार, सुट्टीचा दिवस, रोह्याहून गाडी पकडून, पतंगांच्या एकादशीला!”

एकादशीला चंद्रावती बांधावर दूर्वा खुडत बसली होती. कासूच्या स्टेशनाकडून एक छत्री येताना दिसली. छत्री घराकडे वळली नाही, सरळ शेताकडे निघाली. चपला एका हातात, मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे धरलेला. भाताआड बसलेली चंद्रावती तिला दिसली नाही.

“सर, आज दिवसभर आकडा शून्य दिसेल, पण सेन्सर बिघडलेला नाही,” सुरभी हळू आवाजात सांगत होती. “आज एकादशी आहे.”