तव्याचं विरजण

केतकी कामावरून आली तेव्हा तवा चांदीसारखा लखलखत होता. सकाळीच चिपळूणहून आलेल्या तिच्या सासूबाई, वत्सलाबाई, कौतुकाची वाट बघत ओट्याशी उभ्या होत्या.

"आई, तव्यावरचा थर कुठे गेला?"

"तो काळा? मला वाटलं नॉनस्टिकच सुटतंय, काथ्याने घासून काढला. जुन्या नॉनस्टिकचे पापुद्रे आम्ही पोटात घातलेत, बाई!"

"अहो, तो जिवंत होता! तेलावर वाढतो, आचेला घट्ट बसतो, मग तव्याला काही चिकटत नाही. माझ्या आईच्या तव्यावरून आणला होता. आता आईही नाही."

वत्सलाबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी एकदम विचारलं, "म्हणजे दह्याच्या विरजणासारखाच ना? मग शेजारी कुणाला दिला होतास का?"

"समोरच्या मुजावर भाभींना!" केतकी ओरडलीच आणि चपला न घालताच धावली.

भाभींनी आपल्या तव्यावरचा नखाएवढा थर खरवडून वाटीत दिला. केतकीने घरी येऊन तो तेलात कालवून कोमट तव्यावर चोळला. सासू-सुना दोघी तिथून हलेनात. चहा होईपर्यंत डाग तळहाताएवढा झाला, दिवेलागणीला काठापर्यंत पोचला.

वत्सलाबाईंनी घावनाचं पीठ ओतलं. कडा सुटल्या, आणि तवा जरा कलता करताच घावन अलगद घसरत ताटात आलं.

"आलं गं, आलं!" त्यांनी टाळ्याच पिटल्या. मग घावनांसाठी सोबत आणलेला स्वतःचा जुना लोखंडी तवा पिशवीतून काढला. "तुझ्या आईचं विरजण यालाही लाव. चिपळूणला नेते."

"पण घासणार नाही ना?"

"काथ्या इथेच ठेवून जाते."