बाई विचारून गेल्या

डोंगरावरच्या लॉजचं ते जेवणघर नवरा-बायको मिळून चालवत. हिवाळ्यात बायको जिन्यावरून पडली आणि अंथरुणाला खिळली. तेव्हापासून पाहुण्यांची सरबराई त्याच्या एकट्याच्याच गळ्यात पडली होती.

त्या दुपारी धुकं काचांना चिकटून बसलं होतं. तो ऑर्डर घ्यायला गेला, तर पाहुणी म्हणाली, "आत्ताच बाई विचारून गेल्या की."

"कोण बाई?"

"तुमच्या मालकीणबाई. फार प्रेमळ आहेत हो."

त्याने ते हसण्यावारी नेलं. पण खिडकीजवळच्या म्हाताऱ्या गृहस्थांनीही तेच सांगितलं. "पाय जरा ओढतात," ते म्हणाले, "पण चेहऱ्यावरचं हसू काही हलत नाही."

हातातला ट्रे तिथेच टेकवून तो धावत वर गेला.

बायको कुशीवर पडली होती, सकाळी त्याने वळवून निजवली होती तशीच. त्याचा जीव भांड्यात पडला. पलंगाच्या कडेला बसून त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अगं, तू उठली होतीस का?"

"मी कुठली उठतेय!" ती म्हणाली. "पण तुम्ही इतक्यात कसे आलात? सकाळपासून इथेच तर बसला होतात, गप्पा मारत. आत्ता कुठे सूप आणायला म्हणून उठलात."

तो काही बोलणार, तोच जिन्यावर पावलं वाजली. हातातली भरली वाटी हिंदकळू नये म्हणून माणूस जपून चढतो, तशी.