बोटावरचा आकडा

"मावशी, ऑक्सिजन पंच्याण्णव आहे. पोराला भीतीने धाप लागलीय. कोरोनाच्या खाटा गंभीर पेशंटसाठी आहेत, घरी न्या त्याला," बोटावरचा ऑक्सिमीटरचा चिमटा काढत डॉक्टर म्हणाले.

पावरा आदिवासी आई जागची हलली नाही. एकोणीस वर्षं ती लेकाचा सिकलसेल हा रक्ताचा आजार सांभाळत होती. "आमचं काळं कातडं काही सांगत नाही, साहेब. आम्ही जीभ बघतो," म्हणत तिने त्याचं तोंड उघडलं. जीभ निळी पडली होती.

डॉक्टरांनी घाईने मनगटातून रक्त काढून तपासायला दिलं. ऑक्सिजन ब्याऐंशी निघाला. लेकाला लगेच खाट मिळाली.

डॉक्टर मात्र तो चिमटा हातात धरून उभेच होते. "सिस्टर, काळ्या कातडीवर हा आकडा वाढवून दाखवतो. आज पाड्यांवरच्या किती जणांना याचा आकडा बघून परत पाठवलं?"

"अकरा, सर. आणि त्यांच्या पाड्यांवर फोन लागत नाही."